वराहाची मान

१५ फेब्रुवारी, धारगळ

सोनालीताईने ही डायरी जानेवारीच्या एक तारखेला दिली आणि मी आज उघडतोय. इतके दिवस पेन सापडत नाही असं तिला सांगत आलो. पेनं दोन होती. खरं म्हणजे कोऱ्या पानासमोर बसलं की मी अर्धवट टाकलेल्या गोष्टी रांगेने येऊन उभ्या राहतात: सावंतवाडीचं आयटीआय, मोरजीचं हॉटेल, मुरगाव बंदरातली टगबोट. चोवीस वर्षांच्या माणसाला एवढी मोठी रांग शोभत नाही. आज ताई म्हणाली, "उशीखाली ठेवून पिल्लां होवची नायत तिका," म्हणून उघडली.

मी सध्या यशोदा मावशीकडे राहतो. सोनालीताई तिची मुलगी. हायवेवर एका गेट-ग्रीलच्या दुकानात वेल्डिंगचं काम मिळालंय आणि संध्याकाळी वाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, पोरांबरोबर शिमग्याच्या चित्ररथाच्या मांडवात जातो. दहा मार्चला पेडण्यात मिरवणूक आहे. यंदाचा देखावा म्हणजे वराहावतार. लोखंडी पाइपांचा भलामोठा वराह ट्रॉलीवर उभा करायचा, त्याची मान खालच्या निळ्या कापडाच्या समुद्रात बुडायची आणि मागून दोरखंड ओढला की सुळ्यांवर पृथ्वीला घेऊन वर यायची. पृथ्वी म्हणजे वाड्यातल्या सुविधावहिनीची मुलगी गौरवी, चौथीतली. मान पूर्ण वर गेली की ती दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर बसलेली असणार.

(आत्ताच मावशीच्या कौलांवरून विमान गेलं. ही सगळी माणसं उठून कुठे जात असतील? एकदा मोपाच्या विमानतळावर जाऊन नुसतं बघत बसायला हवं.)

चित्ररथाचं लोखंडकाम कृष्णनाथकाकांचं. काका डिचोलीचे. खाणीवर फिटर होते. खाण बंद पडल्यावर दारं-खिडक्यांची कामं करत राहिले. वाड्यात त्यांना मेस्त, म्हणजे मिस्त्री, म्हणतात आणि त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवत नाही. मला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "आयटीआय पुरा केलंस?" मी म्हटलं, नाही. "मग रॉड धरून दे." बस. तेवढंच काम.

२० फेब्रुवारी

काकांच्या काही सवयी गमतीच्या आहेत. वेल्डिंगचा टाका मारून झाला की थंड होईपर्यंत थांबतात आणि त्यावरून अंगठा फिरवतात, जशी मावशी भाकरीचं पीठ मळून झालं का ते बघते. टेप लावतात आणि आकडा मांडवातल्या गौरेशला वाचायला सांगतात. "माझो चष्मो घरी रवलो." रोजच घरी राहतो. स्कूटरही विकून टाकली म्हणे, बसने येतात. आणि ऊन उतरायला लागलं की पिशवी उचलून निघालेच. मी गौरेशला म्हटलं, "मेस्तांका काळोखात भुतां दिसतत की काय?" तो हसला नाही. गौरेश त्यांचा भाचा आहे हे मला नंतर कळलं.

मुरगावहून साईशचा फोन, टगबोटीवरचा माझा जुना सोबती. टगबोटीवर परत माणूस हवाय. मिरवणुकीनंतर बघू म्हटलं.

२५ फेब्रुवारी

आज रंगाचा डबा शोधत वराहाच्या पोटाखाली शिरलो आणि मानेचा जोड बघितला. बघून बरं वाटलं नाही. मानेचा मुख्य पाइप जिथे जाड लोखंडी पत्तीला जोडलाय, तिथे वरच्या बाजूला टाका जोडावर नाहीच, शेजारून गेलाय. वरून टाक्याचे मणी कसे छान, एकसारखे ओवलेले. पण अर्धे मणी नुसते पाइपवर बसलेत. पत्तीला धरलेलं नाही.

मला शिकवणारे मास्तर असला टाका दिसला की हातोडीने तोडूनच टाकायचे. मी कुणाला सांगू? काकांना सांगायची माझी काय लायकी, रॉड धरून देणारा मी. गौरेशला म्हटलं, मान बघ एकदा. तो म्हणाला, "काकांनी बघितलीहा. तू रंग मार."

रंग मारला. काजूच्या मोहोराचा वास एवढा येत होता की डोकं गरगरायला लागलं. उद्या सांगेन.

२ मार्च

सांगितलं नाही. रोज मनात वाक्य जुळवतो आणि काका समोर आले की ते वाक्य दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. पण मला एक सुचलंय. उद्या होळी. आमच्याकडे होळीभोवती नाव घेऊन बोंब मारायची रीत आहे. सरपंचापासून भटजीपर्यंत कुणालाही सोडायचं नाही, आणि कुणी रागवायचं नाही. वर्षभर ज्याला तोंडावर बोलता येत नाही त्याला त्या रात्री बोलता येतं. मग माझ्यासारख्याने खरं बोलायला याहून चांगली जागा कुठली?

जुळवलंय. चालीत बसतंय.

४ मार्च, धुळवड

काल मारली बोंब. आधी प्रवीणभाईंची झाली (ते मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या पोटावर झाली), मग भटजींची, मग मी पुढे झालो:

"कृष्णनाथ मेस्त, आंधळो डोळ्यांनी!
वराहाची मान चिकटवली थुंकीनी!"

काय हशा! पोरांनी तीन वेळा म्हणवून घेतलं. गौरेशसुद्धा ओठ दाबत होता. काका मुद्दाम राहिले होते होळीसाठी, हातात चहाचा ग्लास. तेही हसले, निदान तोंड तरी हसलं. मग त्यांनी ग्लास मेजावर ठेवला, म्हणजे ठेवायला गेले आणि मेज होतं वीतभर अलीकडे. ग्लास खाली फुटला. कोणीतरी म्हणालं, "मेस्तांका चढली!" आणखी हशा.

ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "तुका कोणी सांगल्यान?"

मी म्हटलं, "कोणी सांगायला कशाला हवं काका? उघड दिसतंय."

"उघड दिसता?"

"कोणीही बघितलं तरी कळेल."

ते वळले आणि गौरेशला म्हणाले, मला घरी सोड. मला वाटलं, काम झालं. सकाळी येऊन स्वतःच जोड तपासतील. शिमग्यातलं शिमग्यात, पण कामाचं तेवढं कामात. मी खूश होऊन झोपलो.

५ मार्च

काका आले नाहीत.

प्रवीणभाईंनी मला बाजूला घेतलं. "काय गरज होती रे डोळ्यांपर्यंत जायची? माझ्या पोटावर बोललास तर माझं पोट सगळ्यांका दिसता. तेंच्या डोळ्यांका कित्याक बोललंस?"

मी म्हटलं, भाई, ते जाऊ दे. मान खरंच कच्ची आहे. गौरवीला बसवू नका.

भाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटले. "होळी सरली मरे! आजून बोंब चालूच?"

"भाई, खरं सांगतोय."

"परवा खोटा सांगत होतंस?"

परवाही खरंच होतं. पण परवा ते सगळ्यांनी हसून संपवलं आणि आता त्याच शब्दांत पुन्हा सांगितलं तर पुन्हा हसतात. मांडवात जो येईल तो मला बघून "थुंकीनी!" म्हणतो. एकच खरी गोष्ट सांगायची होती, ती मीच चेष्टेच्या टोपलीत टाकून वाटून टाकली.

६ मार्च

मी हट्टच धरला. शेवटी भाई म्हणाले, ठीक, एकदाच काय तो निकाल लावू. सुळ्यांवर सिमेंटची दोन पोती बांधली. मान वर नेली, ठेवली. धरली. केसभर हलली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी.

"दोन पोती म्हणजे तीन गौरव्या," गौरेश म्हणाला. "आता तोंड धू."

मी म्हटलं, पोती नाचत नाहीत. मिरवणुकीत ट्रॉली खड्ड्यातून जाणार, मान वर-खाली, वर-खाली, तास-दोन तास. कोणी ऐकेना. मग मी ग्राइंडर उचलला. म्हटलं, जोड कापतो आणि आत काय आहे ते दाखवतो. तेव्हा मात्र गौरेश खरोखर आडवा आला. मेस्ताच्या जोडाला त्याच्या शब्दाशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे मांडवात ठरलेलं आहे. मला माहीत होतं. तरी उचलला.

एवढा वेळ सुविधावहिनी कोपऱ्यात पृथ्वीची हिरवी साडी टाचत बसली होती. ती सुई खोचून उठली. मला म्हणाली, "ओंकार, माका मेस्तांच्या डोळ्यांचा नको, तुझ्या आयटीआयचा नको. एकच सांग. गौरवी, माझा चेडू, पडतला काय?"

मी म्हटलं, "लगेच कदाचित नाही. पण पडेल, वहिनी."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. जोड चांगला नाही एवढं माहीत आहे."

तिने साडीची घडी घातली. भाईंना म्हणाली, "मेस्त येऊन बरा आसा म्हणेपर्यंत गौरवी चढायची नाय." आणि गेली. पृथ्वीशिवाय वराह म्हणजे नुसता डुक्कर, असं कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

रात्री साईशचा फोन. परवा बोट निघते, येतोस का. दुसऱ्या वेळी मी पिशवी भरून बसलो असतो. नाही म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं बहुतेक. उद्या डिचोलीला जाणार.

७ मार्च

म्हापशाला बस बदलायची होती. तिथे एक माणूस जिवंत खेकडे दोऱ्यात ओवत होता, ते बघण्यात एक बस चुकली. पण गेलो.

दार कमलाक्षीकाकींनी उघडलं. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, पण त्यांनी मला ओळखलं.

"इलंस? उरलेली बोंब घेऊन इलंस?"

"काकी, माफी मागायला आलोय."

"मग मोठ्यान माग. होळीकडे मोठ्यान बोललंस, हयसर कित्याक पुटपुटतंस?"

काका आत जनेलाजवळ कदेलवर (खिडकीशी खुर्चीवर) बसले होते. जनेलात औषधाच्या छोट्या बाटल्या होत्या. ते माझ्याकडे वळले नाहीत. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं ओतलं: काका, मी मूर्ख, शिमग्याच्या नादात बोललो, त्यात खरं काहीच नव्हतं, सगळं खोटं.

"सगळा खोटा?"

"सगळं."

"मगे मान बरी आसा."

हो म्हटलं असतं तर काकींनी चहा दिला असता आणि मी शेवटच्या बसने हसत परत आलो असतो. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नाही काका," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल बोललो ते खोटं. मान वाईट आहे."

काकी म्हणाल्या, "ऊठ. चल."

"रव गो," काका म्हणाले. "खंय वाईट? सांग. हात दाखवू नको, तोंडान सांग."

मी सांगायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच मला त्या जोडाचं नीट वर्णन करावं लागलं. पाइप केवढा, पत्ती केवढी, टाका कुठे सुरू होतो, कुठे जोड सोडून बाजूला जातो. मध्ये मी म्हटलं, "तिथे तुम्ही लक्ष..." आणि जीभ चावली. "तिथे टाका बोटभर वर गेलाय." ते विचारत गेले. पाइपवरचा जुना रंग खरवडला होता का? खालची बाजू कशी? खालची बाजू मी बघितलीच नव्हती. "मगे पुरी बघिल्याशिवाय बोंब मारलंस," ते म्हणाले. हा बोल त्यांनी माझ्या कामाला लावला, माणसाला नाही. तरी कान गरम झाले. मला फरक कळला तो तिथे, कदेलच्या समोर उभं राहून.

शेवटी म्हणाले, "डोळ्यांचो भरवसो धरू नको, तुझ्याय नाय. जोडाक चुन्याचो पातळ हात मार. सुकल्यार मान वर-खाली कर, बऱ्याच येळा. चिरलो जाल्यार काळी रेघ उठतली."

"तुम्ही येता का काका?"

ते जनेलातली बाटली चाचपू लागले. काकी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे त्यांनी सांगितलं. काचबिंदू आहे. कडेकडेने दिसायचं बंद होत आलंय, समोरचं नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही, फक्त राहिलेलं थेंब घालून राखायचं. घरात दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं, गौरेशलाही पुरतं नाही. "ह्या वर्षाचो रथ शेवटचो म्हणत होते. कोणाक कळूच्या आदी हात काढून घेतलो असतो. तू होळीकडे उभो रवलंस आनी सगळ्या गावाक सांगलंस."

मी म्हटलं, काकी, मला माहीत नव्हतं, मी नुसती शिवी म्हणून...

"शिवी म्हणूनच तर," त्या म्हणाल्या आणि फाटक लावलं.

बसमध्ये पुढच्या सीटवर कोंबड्यांची टोपली होती. मी तिच्याकडेही बघितलं नाही.

८ मार्च

सकाळी चुना लावला. कोणी विचारलं नाही कशाला, मीही सांगितलं नाही. दुपारी सुकल्यावर म्हटलं, पोती नकोत, मी बसतो. भाई नको म्हणाले. मी कमरेला दोर बांधून घेतला, तो मांडवाच्या वाशाला अडकवला आणि सुळ्यांवर चढलो. "ओढा," म्हटलं.

वरून वाड्यातले सगळे माड दिसतात. गौरवीला हे आवडलं असतं. वर, खाली, वर, खाली. गौरेश मुद्दाम झटके देत होता, पण ते मला हवेच होते. किती वेळ झाला कोण जाणे, तेवढ्यात खालून गौरेशचाच आवाज आला, "थांब! थांबयात सगळी!" चुन्यावर रेघ उठली होती. बारीक, काळी, कुणी पेन्सिलीने मारल्यासारखी.

वरच्या बाजूला नाही. खाली. जिथे मी बघितलंच नव्हतं.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मी सांगितलेली जागा चुकीची होती. वरच्या टाक्याला काही झालेलं नाही अजून. चीर खालून गेलीय." हे बोलायला होळीपेक्षा जास्त दम लागला. कोणीही थुंकीचं नाव काढलं नाही. प्रवीणभाई चुन्यावरून नजर काढेनात. गौरेश तिथेच खाली बसला.

काकांना फोन केला. उचलला काकींनी. मी जेवढं दिसलं तेवढं सांगितलं, एक शब्द वर नाही. माझी जागा चुकली होती तेही सांगितलं. त्यांनी आत जाऊन विचारलं. परत आल्या आणि म्हणाल्या, "कापा म्हणतत. कोणीय जोडा. ते येवचे नायत. परत फोन करू नको."

"काकी, त्यांना सांगा..."

"तेंका झेपता तेवढा मी सांगतंय," आणि ठेवला.

९ मार्च

कापलं. आतून पाइप गंजाने खाल्लेला निघाला. नवा तुकडा घातला, रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत खरवडला, चहूबाजूंनी टाका घेतला आणि त्रिकोणी पत्त्या बसवल्या. टाका माझा. आयटीआय अर्धवट टाकलेल्या माणसाचा. मनासारखा बसेना म्हणून दोनदा घासून काढून परत घेतला. जेवायला गेलो नाही.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं, बघा म्हटलं. प्रवीणभाई म्हणाले, "फस्क्लास!" त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं नीट. पोरं म्हणाली, एक नंबर. गौरेश म्हणाला, "बरो आसा," आणि नजर टाळली. का टाळली? काही दिसलं का त्याला? विचारलं तर म्हणतो, "बरो म्हटलंय ना." आता माझ्या तोंडावर कोणी काही बोलणार नाही. मी बरोबर निघालो ना, म्हणून. मला फस्क्लास नको होतं. मला जोडाखाली शिरून "हयसर कच्चो आसा" म्हणणारं कोणीतरी हवं होतं, आणि तसा एकच माणूस आहे, आणि तो घरात बसलाय तो माझ्यामुळे.

सुविधावहिनी आली. साडी काखेत. म्हणाली, "मेस्तांनी बघितलो?"

"नाही."

"मगे मी तुका काय सांगलंय?" आणि साडी घेऊन परत गेली. बरोबर आहे तिचं. मी वाद घातला नाही.

१० मार्च, सकाळ

ट्रॉली दुपारी निघायची आहे. भाई पृथ्वीच्या जागी प्लास्टरची बाहुली बसवायच्या गोष्टी करतायत. मी म्हटलं, बसवा, पण मी इथून हलणार नाही. चुना पुन्हा लावलाय. सकाळपासून मान वर-खाली करून बघतोय. रेघ नाही. पण मागच्या वेळी मी वरची बाजू बघून खालची विसरलो होतो, म्हणून आज माझ्या बघण्यावर माझाच विश्वास नाही. मिरवणुकीत शेवटपर्यंत जोडाजवळ बसून जाणार, बाहुली असो की गौरवी. हे ठरलं.

साईशची बोट गेली असेल. पोदेर पाव देऊन गेला, तोही मांडवात डोकावून "झालो?" विचारून गेला. सांगितलं, कळेल.

हे लिहितोय तेवढ्यात गौरेश हायवेकडून धावत आला. श्वास लागलाय त्याला, एकदम बोलता येईना. काका बसमधून उतरलेत. दिवसाढवळ्या, सगळ्या वाड्यासमोरून, कमलाक्षीकाकींचा हात धरून चालत येतायत. कोपऱ्यावर सुविधावहिनीला विचारलं म्हणे, पोराने टाका कसा घेतला, आणि ती म्हणाली, तुम्हीच बघून सांगा. ते आता मांडवाच्या दाराशी उभे आहेत आणि शिडी मागतायत.